तोच खडू, तीच बादली, मग आकडे वेगळे का?

भेगाळ (धागाकर्ता)

मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये मुलं सगळ्यात जास्त खाडाखोड कुठे करत असतील, तर खडू तोडण्याच्या प्रयोगात. एकाच पेटीतले खडू घ्यायचे, एकेक दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मधोमध छोटी बादली टांगायची, हळूहळू पाणी ओतायचं आणि खडू तुटला की बादली काट्यावर ठेवायची. एवढंच काम. पण एक खडू ज्या वजनाला तुटतो, त्याच्या दुप्पट वजन शेजारचा आरामात पेलतो. मग सुरू होतं, 'सर, हे रीडिंग काढून टाकू का?' आणि काढायचं असतं ते नेहमी सगळ्यात खालचं.

त्याच लॅबमध्ये माइल्ड स्टीलच्या सळ्या यूटीएमवर (ओढून-दाबून ताकद मोजायच्या यंत्रावर) ओढल्या तर आकडे दोन-चार टक्क्यांच्या आत येतात. मग खडूनेच काय घोडं मारलंय?

उत्तराची सुरुवात इंग्लंडमधल्या फार्नबरोपासून करावी लागते. तिथल्या विमान संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ काचेच्या अभ्यासात पडला होता. अणूंमधल्या बंधांच्या हिशोबाने काच कित्येक गिगापास्कल ताण सहन करायला हवी, प्रत्यक्षात ती त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास फुटते. त्याने काचेचे तंतू ओढून तोडले. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा तंतू १७० मेगापास्कलला तुटला, तर ३.३ मायक्रोमीटरचा तंतू जवळजवळ ३,४०० मेगापास्कलपर्यंत गेला. काच तीच, ताकद वीसपट. १९२१ साली छापून आलेल्या निबंधात त्याने म्हटलं की काचेत आधीपासूनच बारीक भेगा असतात आणि तुटण्याचा ताण भेगेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. भेग चौपट लांब असेल तर ताकद निम्मी. बारीक तंतूत मोठी भेग मावायलाच जागा नाही, म्हणून तो दणकट.

म्हणजे खडूच्या आकड्यांतला पसारा हा खडूतल्या भेगांच्या आकाराचा पसारा आहे. खडू तयार होतानाच त्यात हवेचे बुडबुडे, जाड कण, सुकताना पडलेल्या चिरा राहतात. आडवा खडू वाकतो तेव्हा खालची बाजू ताणली जाते आणि त्या बाजूची सगळ्यात वाईट भेग निकाल लावते. बाकीचा खडू कितीही चांगला असो, त्याला कोणी विचारत नाही. स्टीलची सळई यील्ड होते, म्हणजे कायमची ताणली जाऊ लागते, तेव्हा तिचा जवळजवळ सगळा भाग त्यात सामील असतो, त्यामुळे आतला उंचसखलपणा सरासरीत विरून जातो. शिवाय भेगेच्या टोकाशी स्टील थोडं वाहतं आणि टोक बोथट होतं. एकात सरासरी बोलते, दुसऱ्यात सगळ्यात वाईट जागा. मुलं जे खालचं रीडिंग खोडतात, माझ्या मते तोच त्या प्रयोगाचा खरा निकाल.

याला गणितात बसवलं स्वीडनच्या वालोद्दी वायबुलने, १९३९ साली. वस्तूचे छोटे छोटे तुकडे कल्पायचे. एक जरी तुटला तरी वस्तू तुटली. सगळे तुकडे टिकण्याची शक्यता म्हणजे प्रत्येकाच्या टिकण्याच्या शक्यतांचा गुणाकार. त्यातून जे सूत्र येतं त्यात एक आकडा महत्त्वाचा, एम, म्हणजे वायबुल मॉड्यूलस. एम मोठा तर माल एकसारखा, लहान तर बेभरवशाचा. खडू, वीट, मडकी यांचा एम ५ च्या आसपास, इंजिनिअरिंग सिरॅमिकचा १० च्या आगेमागे, स्टीलचा १०० च्या घरात. टोकाचे पाच-पाच टक्के सोडून मधले नव्वद टक्के नमुने घेतले, तर एम ५ असताना सगळ्यात दणकट नमुना सगळ्यात कच्च्यापेक्षा सव्वादोन पट ताकदीचा असतो. एम १० असेल तर दीडपट. एम १०० असेल तर फरक फक्त ४ टक्के.

याचा पुढचा परिणाम अनेकांना पटत नाही. एम १० असेल आणि वस्तूचं आकारमान हजारपट केलं, तर ती निम्म्या ताणाला तुटते. एम ५ असेल तर पाव. मोठ्या वस्तूत वाईट भेग असण्याची शक्यता जास्त, एवढंच. तेव्हा 'या मालाची ताकद किती?' या प्रश्नाला 'केवढ्या तुकड्याची आणि शंभरातले किती तुटलेले चालतील?' हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

तुमच्या कामात हे कुठे दिसतं ते लिहा.

चिवटचिंगी

वाखूसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचते.

लूमवाला

भेगाळसर, तुम्ही खडू म्हणताय, आमच्याकडं इचलकरंजीत हे रोज सुताला बघतोय. गिरणीचा रिपोर्ट झकास असतो. चाळीस काउंटचं सूत, लीची (सुताच्या लडीची) ताकद भरपूर, शिक्का-सही सगळं. बीम (ताण्याच्या तारा गुंडाळलेला रूळ) लूमवर चढला की तार तुटतीय, लूम थांबतोय, कामगार गाठ मारतोय, परत तुटतीय. गिरणीला फोन केला की म्हणतात, सायझिंग (सुताला खळ लावणं) बरोबर नसंल. सायझिंगवाल्याला विचारलं तर म्हणतोय, सूतच कच्चं. दोघं बी रिपोर्ट दाखवतात. मधल्या मध्ये आमचा कपडा डागी. रिपोर्ट खोटा असतोय का?

भेगाळ

लूमवाला, रिपोर्ट खरा असूनही तुमची तार तुटू शकते. आणि तुमचा प्रश्न खडूपेक्षा जुना आणि मोठा आहे. कारण हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं गेलं ते सुतासाठीच. मँचेस्टरजवळ डिड्सबरीच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये एफ. टी. पिअर्स सूत तोडून बघत होता. १९२६ साली, वायबुलच्या तेरा वर्षं आधी, त्याने लिहिलं की लांब धाग्याची ताकद म्हणजे त्यातल्या सगळ्यात कच्च्या तुकड्याची ताकद. साखळीतल्या सगळ्यात कमजोर कडीचा दाखला तेव्हापासून या विषयाला चिकटला तो चिकटलाच.

पिअर्सने हिशोबाला सोपं सूत्रही दिलं. चाचणीपेक्षा धागा र पट लांब असेल, तर र चं पाचवं मूळ काढायचं, १ ला त्याने भागायचं, तो भागाकार १ मधून वजा करायचा आणि उरेल त्याला ४.२ ने गुणायचं. चाचणीतल्या प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पडतात त्याच्या) तितक्या पट सरासरी खाली येते. समजा अर्ध्या मीटरच्या धाग्यावर चाचणी केली आणि आकड्यांचा पसारा, म्हणजे सीव्ही (प्रमाण विचलन भागिले सरासरी), १० टक्के आहे. मग ५ मीटर धाग्याची सरासरी ताकद सुमारे साडेपंधरा टक्क्यांनी कमी आणि ५० मीटरची २५ टक्क्यांनी कमी.

आता तुमचा बीम बघा. चार हजार तारा आणि हजार मीटर लांबी धरली तर एका बीमवर ४,००० किलोमीटर सूत आहे. गिरणीने अर्ध्या मीटरचे शंभर तुकडे तोडले असतील तर त्यांनी ५० मीटर सूत पाहिलं. तुमच्या बीमवर तसे ८० लाख तुकडे आहेत. त्यातल्या एकाची जरी ताकद लूमच्या झटक्याला कमी पडली तरी लूम थांबणार.

सरकीपेंड

टेक्स्टाइलवाली आहे, म्हणून थोडं पुढे. लूमवालादादा, तुम्ही लीच्या ताकदीबद्दल लिहिलंत. ली म्हणजे १२० यार्ड सूत, दीड यार्ड घेराच्या रीळावर ८० फेरे मारलेलं. ती लड दोन हुकांत अडकवून ओढतात, म्हणजे एका वेळी १६० पदर ओढले जातात. त्यात एखादा कच्चा पदर आधी तुटला तर त्याचा भार बाकीच्यांवर जातो आणि लड तशीच उभी राहते. तुम्हाला नेमकी जी जागा हवी आहे तीच या चाचणीत लपते. शेकड्याने पदर एकत्र ओढले की लडीलडींमधला फरक आक्रसतो, म्हणून लीचे आकडे दिसायला छान एकसारखे येतात.

जुडग्याचं हे गणित एच. ई. डॅनिअल्सने १९४५ साली मांडलं. तो लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत होता. जुडग्याची ताकद सगळ्या पदरांच्या ताकदीच्या बेरजेपेक्षा नेहमी कमी भरते, कारण सगळे पदर एकाच क्षणी आपल्या कमाल ताकदीवर नसतात. पण ती बेभरवशाची मात्र नसते. लांबी वाढवली की कच्ची जागा सापडते, पदर वाढवले की ती झाकली जाते. आपल्या धंद्यात दोन्ही एकाच वेळी चालू असतं, म्हणून भांडण मिटत नाही.

अवांतर : वायबुलचा गाजलेला निबंध १९५१ चा, अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियतकालिकातला. त्यात त्याने आपलं सूत्र कुठे कुठे बसतं याची उदाहरणं दिली आहेत. बोफोर्सचं स्टील आहे, उडती राख आहे, ब्रिटनमधल्या पुरुषांची उंची आहे, घेवड्याच्या बियांची रुंदी आहे आणि चक्क भारतीय कापसाच्या तंतूची ताकदसुद्धा आहे. कापसाचे तंतू तपासायची प्रयोगशाळा आपल्याकडे माटुंग्याला १९२४ पासून आहे, आजची सिरकॉट. आमच्या अभ्यासक्रमात वायबुल आला तो 'परदेशी सूत्र' म्हणून, आणि आत बघितलं तर आपलाच कापूस!

लूमवाला

ह्ये आधी कुणी सांगितलं नव्हतं. १६० पदर एकदम ओढल्यावर एकटी तार कशी हाय ते कळणार कसं? बरोबर हाय.

आरसीसी

भेगाळ, आम्ही सिव्हिलवाले हे गणित वायबुलशिवाय रोज करतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम २५ काँक्रीट म्हणजे काय? (हा एम मिक्सचा, वायबुलचा नव्हे.) २८ दिवसांनी १५० मिलिमीटरचे क्यूब फोडले तर ५ टक्क्यांहून जास्त निकाल २५ च्या खाली जाऊ नयेत. म्हणून मिक्स डिझाइन करताना २५ धरत नाही. प्रमाण विचलन ४ धरून त्याला १.६५ ने गुणतो आणि २५ मध्ये मिळवतो. लक्ष्य ३१.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साइटवर लोक म्हणतात, २५ सांगितलं, ३१ कशाला देता, सिमेंट फुकट आहे का? त्यांना हा धागा पाठवीन.

पण प्रश्न असा की यात साधं नॉर्मल वितरण चालतं, घंटेच्या आकाराचं. मग वायबुल कशाला?

भेगाळ

आरसीसी, मुद्द्याचं विचारलंत. दोन गोष्टी आहेत.

क्यूब दाबून फोडता तेव्हा एक भेग निकाल लावत नाही. दाबाखाली असंख्य बारीक भेगा थोड्या वाढतात, थांबतात, एकमेकींना मिळतात आणि मग क्यूब जातो. म्हणजे तिथे पुन्हा सरासरीसारखं काहीतरी चालू असतं, म्हणून नॉर्मल बरं बसतं.

दुसरी गोष्ट वक्राच्या शेपटीची, म्हणजे क्वचितच येणाऱ्या अगदी कच्च्या नमुन्यांची. शंभरात पाच एवढ्यापुरतं बघायचं असेल तर दोन्ही वक्र जवळजवळ सारखेच. पण दहा लाखांत एक एवढी खात्री हवी असेल, तेव्हा वाटा फुटतात. एम १० असलेल्या सिरॅमिकचा सीव्ही सुमारे १२ टक्के. नॉर्मल धरलं तर दहा लाखांत एकच तुटावा यासाठी सरासरीच्या ४३ टक्के ताण चालेल असं उत्तर येतं. वायबुल म्हणतं २६ टक्के. डेटा तोच, फरक दीडपटीहून जास्त, आणि तोही चुकलं तर महागात पडेल अशा बाजूला. टर्बाइनमध्ये सिरॅमिकचं पातं बसवणाऱ्याला ही शेपूट सोडून दुसरं काही महत्त्वाचं नसतं.

काँक्रीटला ताणाखाली मात्र तुम्हीही भिताच. त्यासाठी सिलिंडर आडवा ठेवून दाबायची ब्राझिलियन चाचणी वापरता ना?

आरसीसी

वापरतो, स्प्लिट टेन्साइल. तिची जन्मकथा मस्त आहे. १९४३ च्या सुमारास रिओ द जानेरोमध्ये नवा रस्ता काढताना एक जुनं चर्च वाटेत आलं. ते रोलरांवर चढवून सरकवायचं ठरलं. युद्धामुळे स्टीलची टंचाई, म्हणून काँक्रीटचे रोलर करायचे. लोबो कार्नेरो हा इंजिनिअर ते रोलर तपासत होता. त्याच्या लक्षात आलं की आडवा सिलिंडर दाबला की तो मधोमध उभा चिरतो, म्हणजे आत ताण तयार होतो. चर्च काही सरकलं नाही, पाडलंच. चाचणी जगभर गेली.

शंकासुर२

सगळं छान, पण एक थंड पाण्याचा हबका मारतो. संख्याशास्त्राचा माणूस आहे. दहा खडू तोडून 'आमचा एम ७.३' असं लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार. दहा नमुन्यांवरून काढलेल्या एमची स्वतःची प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती चुकतो ते) सुमारे २५ टक्के असते. तीस नमुन्यांवर १४ टक्के, शंभरावर ८. शिवाय नमुने कमी असले की नेहमीच्या पद्धतीने काढलेला एम खऱ्यापेक्षा वर येतो, म्हणजे माल आहे त्याहून भरवशाचा दिसतो. दशांश चिन्हापुढचा आकडा निव्वळ शोभेचा.

आणि दहा लाखांत एकाची गोष्ट तीस नमुन्यांवरून करायची म्हणजे डेटाच्या कुंपणाबाहेर बरंच लांब चालत जाणं. तिथे वायबुल बरोबर आहे याचा पुरावा तुमच्याकडे नसतो, विश्वास असतो. स्वतः वायबुलने १९५१ मध्ये कबूल केलंय की या सूत्राचं भलेपण एवढंच की योग्य आकाराच्या सूत्रांत ते सगळ्यात सोपं आहे.

भेगाळ

शंकासुर, त्रुटीबद्दल पूर्ण सहमत, आणि सिरॅमिकवाले तीस नमुन्यांचा आग्रह धरतात तो त्याचसाठी. पण 'निव्वळ विश्वास' हे जरा जास्त झालं. फिशर आणि टिपेट या संख्याशास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये दाखवलं की पुष्कळ गोष्टींतली सगळ्यात लहान गोष्ट निवडत गेलात तर वितरणं शेवटी तीनच प्रकारांत येऊन पडतात. ताकद शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, एवढं धरलं की त्या तिघांतलं वायबुलचंच समोर येतं. सोपं सूत्र निवडलं आणि ते पायाभूत निघालं, असं झालंय ते.

शंकासुर२

मर्यादेला ते खरं. मर्यादा गाठायला भेगा पुरेशा पुष्कळ आणि एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. सुतात त्या स्वतंत्र नसतात. एक बारीक जागा आली की पुढचा काही भाग बारीकच चालतो. पिअर्सच्या सूत्रातसुद्धा शेजारशेजारचे तुकडे स्वतंत्र धरलेत. म्हणून तुमचे ते साडेपंधरा आणि २५ टक्के मी वरची मर्यादा म्हणून वाचीन.

भेगाळ

हे मान्य. लूमवालांनी आकडा म्हणून न घेता दिशा म्हणून घ्यावा.

नळीचाभाऊ

ऑप्टिकल फायबरमध्ये काम करतो. आमच्याकडे या सगळ्यावर राकट उपाय आहे. सिलिकाचा ताजा, न खरचटलेला छोटा तुकडा ५ गिगापास्कलच्या आसपास तुटतो. पण आम्ही विकतो किलोमीटरच्या हिशोबाने, आणि एवढ्या लांबीत एखादा धुळीचा कण चिकटलेला असतोच. मग अंदाज कशाला बांधा? तयार झालेला प्रत्येक मीटर सुमारे ०.७ गिगापास्कल ताणाखालून जातो, म्हणजे फायबर जवळजवळ १ टक्का ताणला जातो. कच्ची जागा असेल तर तिथेच तुटतो आणि दोन रीळं होतात. ग्राहकाकडे जातो त्याच्या वितरणाची शेपूट आम्ही कारखान्यातच छाटलेली असते.

तरी सुटका नाही. काचेतली भेग बाष्पात हळूहळू वाढते. आज पास झालेला फायबर कमी ताणाखालीसुद्धा वर्षांनी तुटू शकतो. म्हणून जमिनीत टाकताना त्यावर कायमचा ताण चाचणीच्या ताणापेक्षा बराच खाली ठेवतात.

दंतकथा

दाताची डॉक्टर. सिरॅमिकचा कॅप बसवताना चावा जुळत नाही म्हणून बरने (घासायच्या छोट्या ड्रिलने) घासतो ना, तेव्हा आम्हीच नव्या भेगा पाडत असतो. घासल्यावर पुन्हा पॉलिश करा असं शिकवतात ते चकाकीसाठी असं मला विद्यार्थिदशेत वाटायचं. कॅप कुठे घासला, कोणत्या बाजूला ताण येणार, यावर सगळं अवलंबून आहे.

गॅलरीतली

माझा प्रश्न बाळबोध आहे. आमच्या बाथरूमचा टफन्ड काचेचा दरवाजा रात्री आपोआप फुटला. कोणी हातही लावला नव्हता. दुकानदार म्हणतो, तुम्हीच आपटला असेल. हेच का ते?

नळीचाभाऊ

शक्य आहे. टफन्ड काचेचा पृष्ठभाग दाबाखाली आणि पोट ताणाखाली असतं. पोटात निकेल सल्फाइडचा बारीक कण अडकलेला असेल तर तो काळाने रूप बदलतो, थोडा फुगतो, आणि एक दिवस अख्खी काच जाते. त्यावर इलाज म्हणजे काच बसवण्याआधी भट्टीत तापवून ठेवायची, फुटायची ती तिथेच फुटू दे. हीट सोक म्हणतात. पुढच्या वेळी बिलावर तसं लिहून मागा. बिजागरीपाशी किंवा कडेला टवका गेला असेल तरी असं होतं, त्यामुळे दुकानदार खोटंच बोलतोय असं इथून सांगता येणार नाही.

चिवटचिंगी

वाचलं सगळं. भेगाळ, एम काढायचा कसा ते सांगा ना. मुलाच्या प्रोजेक्टला खडूच घेऊ म्हणतेय.

भेगाळ

सोपं आहे. तुटण्याचे ताण चढत्या क्रमाने लावा. प्रत्येकाला क्रमांक द्या, त्यातून अर्धा वजा करा आणि एकूण नमुन्यांनी भागा. ही झाली तुटण्याची शक्यता. ती १ मधून वजा करा, जे उरेल त्याने १ ला भागा, आलेल्या आकड्याचा दोनदा लॉग घ्या, नैसर्गिक. हा उभ्या अक्षावर. आडव्यावर ताणाचा लॉग. ठिपके साधारण सरळ रेषेत आले तर तिचा चढ म्हणजे एम.

रेष मध्येच मोडली तर ती पुसून सरळ करू नका. बहुतेक वेळा भेगा दोन जातींच्या असतात, उदाहरणार्थ काही आतल्या बुडबुड्यांच्या आणि काही पेटीत खडू एकमेकांवर घासून पडलेल्या. तुटलेले तुकडे जपून ठेवा, तुटलेली बाजू भिंगाखाली बघितली की बऱ्याचदा कळतं कोणती जात कुठे आहे. आणि वाकवून काढलेली ताकद ताणून काढलेल्या ताकदीपेक्षा जास्त येते, कारण वाकवताना खडूचा थोडाच भाग पूर्ण ताणाखाली असतो. एम १० असेल तर चौकोनी छेदाच्या पट्टीत १.७३ पट. दोन्ही आकडे एका तक्त्यात टाकू नका.

लूमवाला

म्या गिरणीकडं काय मागू ते सांगा. परवा गाडी उतरतीय.

सरकीपेंड

दादा, लीचा आकडा राहू द्या. एकेरी धाग्याची चाचणी मागा, किती लांबीवर केली ते लिहून घ्या, आणि सरासरीच्या जोडीला सीव्ही आणि सगळ्यात खालचे आकडे मागा, खोडलेले नकोत. उस्टरचा (सुताचा एकसारखेपणा मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट असेल तर दर किलोमीटरमागे बारीक जागा किती ते बघा. कोन वाइंडिंगला (सूत कोनावर गुंडाळताना) बारीक जागा कापायची सेटिंग काय ठेवली होती तेही विचारा. आणि सायझिंगवाल्याशी भांडायच्या आधी तुटलेल्या तारांची टोकं आठवडाभर जमवा. टोक बारीक असेल तर गिरणी, जाड भागात किंवा गाठीशी पिंजून तुटलं असेल तर लूमच्या फणीचं घासणं नाहीतर सायझिंग.

लूमवाला

टोकं जमवायला पोराला सांगतो. मोजून झाली की इथंच टाकतो.